उजव्या कुशीचे पट्टे

नगरच्या एका तंत्रनिकेतनात दर हिवाळ्यात प्रदर्शन भरायचं. सत्त्याण्णव सालच्या प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी संगणक विभागाच्या टेबलाशी होती. तिथं शिकवणाऱ्या शुभांगी भिंगारदिवे यांनी एक गंमत मांडली होती. आलेल्या माणसानं कागदावर अंगठा उमटवायचा आणि नाव सांगायचं. मग हॉलला चक्कर मारून परत यायचं आणि दुसऱ्या कागदावर, काही न बोलता, पुन्हा अंगठा उमटवायचा. स्कॅनर कागद वाचायचा, संगणक बराच वेळ घोंघावायचा आणि पडद्यावर त्या माणसाचं नाव यायचं. लोक हसायचे आणि बायकोला, मेहुण्याला धरून आणायचे.

दुपारी गर्दी पांगली तरी एक गृहस्थ तिथंच घुटमळत राहिले. त्यांनी एकदा अंगठा सरळ उमटवला, एकदा तिरका, एकदा मुद्दाम शाई पसरवून. तिन्ही वेळा पडद्यावर नाव आलं : सुहास मुळे.

"तिरका असूनही ओळखलं," ते म्हणाले. "तो नेमकं बघतो काय?"

"रेषा कुठं संपते आणि कुठं तिला फाटा फुटतो, एवढंच," शुभांगी म्हणाली. "त्या जागा प्रत्येकाच्या वेगळ्या. अंगठा फिरवला तरी त्यांचं एकमेकींपासूनचं अंतर बदलत नाही."

त्यांनी खांद्यावरची पिशवी पुढं घेतली. "मग अंगावरच्या पट्ट्यांचं जमेल? तरसाच्या?"

शुभांगीला वाटलं, हे चेष्टा करताहेत. पण त्यांनी पिशवीतून फोटोंचं पाकीट काढलं. सुहास मुळे जनावरांचे डॉक्टर होते, खर्ड्याच्या दवाखान्यात. आसपासच्या वाड्यांवरून हिंडताना त्यांना एक कोडं पडलं होतं. कवठवाडीच्या शिवारात आसाराम मारकड नावाचा मेंढपाळ मेंढ्या बसवून होता. त्याची कोकरं जात होती. जाळीबाहेरच्या मातीत पाय उमटले होते ते तरसाचे. आता तरस किती? आसाराम म्हणे एकच, लंगडं. वाडीतले म्हणत, कळपच्या कळप आहे. कुणी म्हणत होतं, मेलेल्या ढोरात फवारणीचं औषध घालून ठेवा, सगळा निकाल लागेल.

"तरस चालतानाच लंगडल्यासारखं दिसतं," डॉक्टर म्हणाले. "त्यामुळं प्रत्येक जण जे बघतो ते लंगडंच. एक की दहा, हे कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही."

जामखेडच्या एका रेडिओ मेकॅनिकला धरून त्यांनी एक जुगाड केलं होतं. दुकानाच्या दारात माणूस आला की घंटी वाजते, तसला अदृश्य किरण त्यांनी साध्या कॅमेऱ्याला जोडला होता. किरण तुटला की फ्लॅश पडून फोटो निघायचा. वाडीच्या माळावर मेलेली जनावरं टाकायची जागा होती, तिथल्या पडक्या दगडी भिंतीपुढं कॅमेरा लावलेला. रोल धुऊन आला तेव्हा त्यात कुत्री होती, शेळ्या होत्या, एका फोटोत कॅमेरा तपासायला वाकलेले डॉक्टर स्वतः होते. आणि बाकी सगळीकडं तरस. मानेवर उभी आयाळ, करड्या अंगावर काळे पट्टे.

शुभांगीनं फोटो टेबलावर मांडले. पट्टे खरोखरच कुठं तुटत होते, कुठं दुभंगत होते. अंगठ्यासारखे.

"कवठवाडीला माझे आजोबा असतात," ती म्हणाली. "ठेवून जा हे."

पुढचे काही दिवस वर्ग सुटले की ती स्कॅनरपाशी बसायची. प्रोग्राम तोच, फक्त अंगठ्याच्या रेषांऐवजी आता पट्टे. दोन फोटो द्यायचे, संगणक त्यांतल्या फाट्यांच्या जागा जुळवून बघायचा आणि किती जुळलं ते सांगायचा. निकाल आला तो इतका स्वच्छ की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. सगळे फोटो एकमेकांशी जुळत होते. तरस एकच होतं.

तिनं दवाखान्यात फोन केला. डॉक्टरांनी त्याच दिवशी मोटरसायकल काढून आसारामला गाठलं आणि सांगितलं, "तुझं बरोबर होतं. एकच आहे."

त्यानंतर थोड्याच दिवसांत जामखेड रस्त्यावर एका ट्रकखाली तरस सापडून मेलं. वाडीतल्या लोकांनी जाऊन बघितलं, आसारामही बघून आला. त्यानं डॉक्टरांना गूळ घातलेला चहा पाजला आणि म्हणाला, "सुटलो बगा." डॉक्टरांना वाईट वाटलं होतं, पण प्रश्न संपला होता. काम पुरं व्हावं म्हणून त्यांनी रस्त्याकडेला पडलेल्या त्या जनावराचा फोटो घेतला आणि नगरला पाठवून दिला.

शुभांगीनं तो स्कॅन केला आणि संगणकाला विचारलं. उत्तर आलं : हे जनावर आधीच्या एकाही फोटोशी जुळत नाही.

तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तेव्हा तिला पहिल्यांदा शंका आली. पाकिटातले कुत्र्याचे फोटो तिनं बाजूला काढून ठेवले होते. त्यातला एक तिनं स्कॅनरवर पालथा घातला. संगणक घोंघावला आणि सांगू लागला की हा कुत्रा म्हणजे तेच तरस आहे. मग तिनं वाकलेल्या डॉक्टरांचा फोटो दिला. डॉक्टरही तेच तरस निघाले.

ती एकटीच मोठ्यानं हसली, आणि लगेच हसू थांबलं. सगळे फोटो तिनं एका ओळीत लावले आणि या वेळी जनावराकडं न बघता त्याच्या मागं बघितलं. मागं दगडी भिंत होती. दगडांमधल्या सांध्यांच्या काळ्या रेषा, त्यांना फुटलेले फाटे, सगळं कसं स्पष्ट. तरसाच्या अंगावर केस विसकटलेले असायचे, पट्टे पुसट व्हायचे. भिंत मात्र दर वेळी जागच्या जागी. संगणकानं तरस ओळखलंच नव्हतं. त्यानं भिंत ओळखली होती. रस्त्यावरच्या फोटोत भिंत नव्हती, म्हणून तिथं तो गप्प झाला.

खर्ड्याला फोन लावायला ती उठणार, तोच डॉक्टरांचा फोन आला. एसटीडी बूथवरून बोलत होते, आवाज पडलेला.

"मॅडम, आसारामचं आणखी एक कोकरू गेलं."

"मला माहीत आहे चूक कुठं झाली," ती म्हणाली. "मी रविवारी येते."

रविवारी एसटीतून उतरल्यावर डॉक्टर तिला थेट आसारामच्या तळावर घेऊन गेले. ज्वारी काढलेल्या रानात वाघूर लावलेली होती, म्हणजे मेंढ्यांभोवतीची जाळी. आत कोकरं एकमेकांवर चढत होती. आसाराम घोंगडीवर बसला होता. तो उठला नाही.

"तुमच्या मशीननं एक सांगितलं हुतं," तो म्हणाला.

"मशीन चुकलं. म्हणजे मी चुकले," शुभांगी म्हणाली. "ते जनावर बघत नव्हतं, मागची भिंत बघत होतं."

आसारामनं डॉक्टरांकडं पाहिलं. "भिताड?"

"हो."

"मंग त्या मेलेल्याचं काय? ते कोन हुतं?"

"ते अजून माहीत नाही," शुभांगी म्हणाली.

"म्हंजे कायच म्हाईत न्हाई," आसाराम म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता हिशेब होता. "शेजारच्या तळावरल्यानं औशदाचा डबा दिलाय. पुनवंपातुर थांबतो. मंग मी माज्या परीनं बगतो."

तिथून ती आजोबांकडं गेली. रखमाजी भिंगारदिव्यांचं घर वाडीच्या खालच्या अंगाला होतं, दारातून विहाराचं नवं पत्र्याचं छप्पर दिसायचं. मुलगा नगरला नोकरीला गेला, नातवंडं तिथंच वाढली, पण म्हाताऱ्यानं वाडी सोडली नव्हती. नातीनं फोटो पुढं ठेवले तसे त्यांनी चष्मा पुसून एकेक फोटो डोळ्याजवळ नेला. तरसापेक्षा भिंतीकडं ते जास्त वेळ बघत राहिले.

"ढोरमाळ हाय ह्यो," ते म्हणाले.

"तुम्ही ओळखलंत?"

"न्हाई वळखून कसं चालंल? तुज्या वयाचा व्हायच्या आदी किती ढोरं वढली मी तिकडं. गावात बैल मेला की आमाला हाळी. कातडं काडायचं, बाकीचं तितंच. गिधाडं वाट बगत बसल्याली असायची, आन सांजंच्याला हे तरस." त्यांनी फोटो खाली ठेवला. "छप्पनला दीक्षा घेतली आन आमी समद्यांनी सांगितलं, आता न्हाई वढनार. तवापास्नं मी त्या माळावर पाय न्हाई ठिवला."

"गाव काय म्हणालं?"

"गाव काय म्हननार. वरीसभर बोलत नव्हतं. मंग ज्याचं त्यो वढाय लागला." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "एक सांगू का शुभे. गावाला आमी समदे एकच दिसायचो. खालच्या आळीतल्या एका पोरानं कनसं मोडली तर मार समद्या आळीला. त्येचं नाव काय, ह्येचं नाव काय, कोन इचारतंय? तुजं हे मशीन निराळं निराळं वळखाय लागलं तर लई बरं. पन नीट वळखू दे. भिताडाला तरस म्हनू नगं."

"तुम्ही चला ना माझ्याबरोबर माळावर. कॅमेऱ्याची जागा बदलायचीय."

"मी न्हाई यायचो," ते म्हणाले. "तू जा."

डॉक्टर आणि ती माळावर गेले. मोठी मोठी हाडं उन्हात पांढरी पडलेली होती. गिधाडं अलीकडं दिसेनाशी झालीत, कारण काही कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. एक बैल पूर्वी दिवसात संपायचा, तो आता किती तरी दिवस पडून राहतो आणि कुत्री माजतात. शुभांगीनं भिंतीला हात लावून बघितला. जिनं आपल्याला फसवलं ती ही, असं मनाशी म्हणून तिनं कॅमेरा पलीकडच्या चढावर नेला. तिथून जनावर गेलं तर त्याच्यामागं फक्त आकाश येणार होतं. दुसरा एक कॅमेरा डॉक्टरांनी आसारामच्या वाघुरीच्या कोपऱ्यावर बसवला.

नगरला परतल्यावर खरं काम सुरू झालं. आता ती फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त पट्टे गिरवायची, बाकी सगळं टाकून द्यायची. पण अंगठा कागदावर सपाट होतो, जनावर होत नाही. तरस वळलं की पट्टे ताणतात, वाकलं की आखडतात. घरी तिनं पट्ट्यापट्ट्यांच्या खोळीत कपडे कोंबले आणि ती खोळ इकडून तिकडून वाकवत बसली. आई म्हणाली, "हे काय चाललंय?" शुभांगी म्हणाली, "तरस." आईनं पुढं विचारलं नाही.

त्या खोळीनं एक गोष्ट शिकवली. खांदा, कंबर, पोटाची खालची कड अशा काही ठरावीक जागांवर खुणा केल्या आणि त्या खुणा धरून चित्र ताणून एका मापाचं केलं, तर वाकलेली खोळ सरळ खोळीशी जुळायची. तिनं संगणकालाही तेच करायला लावलं. खुणा करायच्या हातानं, ताणायचं आणि जुळवायचं त्यानं. आणखी एक गोष्ट तिच्या उशिरा लक्षात आली. डाव्या कुशीचे पट्टे वेगळे आणि उजव्या कुशीचे वेगळे. एकच जनावर जाताना एक असतं, येताना दुसरं. म्हणून तिनं ठरवलं, फक्त उजवी बाजू धरायची. आणि या वेळी आधी तिनं कुत्रा दिला. संगणकानं सांगितलं, जुळत नाही. डॉक्टर दिले. जुळत नाही. मगच तिनं तरसं दिली.

ढोरमाळावर चार वेगळी तरसं येत होती.

त्यांत रस्त्यावर मेलेलंही होतं. भिंतीपुढच्या जुन्या फोटोंमध्ये ते दोनदा सापडलं. म्हणजे आता राहिली तीन. वाघुरीच्या कॅमेऱ्यात एकच चांगला फोटो आला होता. जाळीचा कोपरा उचकटलेला, तोंडात कोकरू आणि उजवी कूस पूर्ण उजेडात. शुभांगीनं पट्टे गिरवले, खुणा केल्या आणि वाट बघत बसली. तिसऱ्या क्रमांकाच्या तरसाशी ते जुळलं. खांद्यामागं एक पट्टा खाली येऊन दुभंगला होता आणि त्याचा एक फाटा पुढच्या पट्ट्याला जाऊन मिळाला होता, तंतोतंत. तिनं नुसत्या डोळ्यांनी ताडून पाहिलं, संगणक बंद करूनही पाहिलं. तेच होतं.

तिला आनंद झाला, अगदी लहान मुलासारखा. मग खुर्चीत मागं टेकल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण चोर शोधून दिला आहे आणि पौर्णिमा जवळ आली आहे.

डॉक्टरांनी फोटो हातात घेतला. मग त्यांनी पोटाखाली बोट ठेवलं. "मादी आहे. दूध पाजतेय. जवळच कुठं तरी कपारीत पिल्लं असणार."

"सांगायचं का आसारामला?" शुभांगीनं विचारलं. "आधी चुकीचं सांगितलं आणि त्याला वाटलं सुटलो. आता खरं सांगितलं तर तो हिला मारेल."

"नाही सांगितलं तर ढोरात औषध घालेल. सगळी मरतील. त्याची कुत्रीही."

खालच्या आळीतला मार तिच्या डोक्यातून जात नव्हता. "सांगू या," ती म्हणाली. "सगळंच सांगू. पिल्लांसकट."

आसारामनं घोंगडीवर फोटो मांडू दिले. शुभांगीनं एकेका तरसाचे पट्टे बोटानं दाखवले. हे बघा, ह्याचा असा, हिचा असा. हे रस्त्यावर मेलं ते. तो वाकून बघत होता. सुरुवातीला त्याला सगळी सारखीच दिसत होती. मग अचानक त्याला दुभंगलेला पट्टा दिसला आणि वाघुरीच्या फोटोत तो त्यानं स्वतःच शोधून काढला.

"हीच की," तो म्हणाला. "आन हे बाकीचे? हे माज्याकडं कवाच आलं न्हाईत?"

"कॅमेऱ्यात तरी नाहीत. मी शपथेवर सांगत नाही. पण आली असती तर एखादं तरी सापडलं असतं."

"मंग ते रस्त्यावरलं उगंच मेलं. आन मी चा पाजला डॉक्टरास्नी." तो ओशाळल्यासारखा हसला. मग डॉक्टरांनी मादीची भरलेली आचळं दाखवली. आसारामनं फोटो उचलून उन्हात धरला. आत वाघुरीत एक मेंढी कोकराला चाटत होती. तो तिकडं बघत नव्हता, डब्याकडं बघत होता. डबा झाडाच्या बेचक्यात ठेवलेला होता.

"हिला मारली तर पिल्लं कपारीत मरतील," तो म्हणाला. "त्येंचं मला काय लई वाटतंय असं न्हाई, खोटं कशाला बोलू. माजी कोकरं गेलीत. पन ढोरात औशद घातलं तर हिच्यासंगं ते दोगं जातील, माजी कुत्री जातील, गावाची जातील. आन हिनं त्या दिशी खाल्लंच न्हाई तर ही ऱ्हाईल. मंग काय मिळवलं?"

डॉक्टर म्हणाले, "कोपऱ्याला काटेरी फांद्या लावल्या तर..."

"फांद्या लावीन. न्हाई तरी आमाला सिना नदीकडं उतरायचंच हाय. चार दिस आदी निगतो." त्यानं मादीचा फोटो उचलून मुंडाशात खोचला. "ह्यो मला द्या."

शुभांगीचा हात नकळत पुढं झाला. "कशाला हवा?"

"माज्या मागनं तांबे मेंढक्यांचा कळप येनार हाय हितं. त्येंला दावतो. ही बाई हाय, हिच्यापास्नं जपा, कोपरा बांदून घ्या. बाकीच्यांच्या वाटंला जाऊ नगा."

ती जरा घुटमळली. तो फोटो कुणाच्या हाती पडेल आणि तो माणूस त्याचं काय करील, हे तिला सांगता येत नव्हतं. पण त्याचं म्हणणं तिच्या मशीनचंच म्हणणं होतं, आणि ते तिला नाकारता येईना. "ठेवा," ती म्हणाली.

आसाराम निघून गेला. जाताना औषधाचा डबा ज्याचा त्याला परत करून गेला, असं डॉक्टरांनी फोनवर कळवलं. तांब्यांचा कळप आला, त्यांनी चारी बाजूंनी बाभळीच्या फांद्या लावल्या. तरीही एक कोकरू गेलंच, पण डब्याची गोष्ट कुणी काढली नाही. चढावरचा कॅमेरा चालूच होता. रोल नगरला यायचे, शुभांगी पट्टे गिरवायची. हळूहळू तिला मशीनच्या आधी स्वतःलाच ओळखू येऊ लागलं, आणि मग मशीन काय म्हणतं ते बघायची तिला पैज लावल्यासारखी सवय झाली. बहुतेकदा दोघांचं एकमत व्हायचं. कधी नाही झालं तर ती पुन्हा गिरवायची. त्यात निम्म्या वेळा मशीन बरोबर असायचं.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा एका फोटोत मादीच्या मागं काही तरी छोटं आलं. कान मोठे, पाय काड्यांसारखे, आणि अंगावर पट्टे आईपेक्षाही ठसठशीत. शुभांगीनं आधी त्याची तुलना आईशी केली. बापाचं नाक लेकीला येतं तसं काही येतं का, हे तिला बघायचं होतं. संगणक म्हणाला, जुळत नाही. एकही फाटा जुळत नव्हता. पिल्लू अगदी निराळं होतं.

तिनं डॉक्टरांना फोन लावला. "मोठं झाल्यावर हे पट्टे असेच राहतात का?"

"असेच म्हणजे?"

"म्हणजे अंगठ्याची रेघ लहानपणी असते तीच म्हातारपणी असते. फक्त मोठी होते. तरसाचंही तसंच का? का वाढताना पट्टे तुटतात, नवे येतात? तसं असेल तर पुढच्या वर्षी हे पिल्लू मला ओळखूच येणार नाही."

फोनवर पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"मी कधी विचार केला नव्हता," डॉक्टर म्हणाले. "पुस्तकात असेल तर माझ्याकडच्या नाही. विचारायचं कुणाला तेही माहीत नाही."

"मग त्यालाच विचारू," शुभांगी म्हणाली. "दर महिन्याला एक तरी फोटो पाहिजे. उजव्या कुशीचा."

"त्याला सांगतो तसं," डॉक्टर म्हणाले, आणि कॅमेऱ्यात नवा रोल भरायला त्यांनी फोन ठेवला.